आभासी यंत्रातून ध्वनिमुद्रण : एक अनुभव

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



शनिवारी दुपारी शाळेच्या संगणक खोलीतून गाण्याचे आवाज का येतात, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी मला विचारला आहे. कोणी सहज विचारला, कोणी काळजीपोटी विचारला. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर मशिदीच्या पायरीवरच मला थांबविले आणि "मास्तर, अभ्यास सोडून पोरींना हे काय लावून दिले आहे?" असे खडसावले. त्यांना त्या वेळी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज संस्थेने मला बोलावयास सांगितले आहे, तेव्हा तेच उत्तर जरा सविस्तर द्यावे असे ठरवून आलो आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी मराठी शिकविणारा साधा शिक्षक आहे, आलिम नाही. संगीत कितपत जायज याविषयी आपल्या समाजात एकमत नाही, आणि त्यावर मत देण्याचा मला अधिकारही नाही. आमच्या खोलीत जे मुद्रित होते त्यात मुलांनी म्हटलेली हम्द आणि नात आहे, आणि आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया हळदीला, मेंदीला, वऱ्हाड निघताना जी गाणी म्हणत आल्या ती आहेत. वाद्य म्हणाल तर फार तर डफ. ज्यांना तेवढेही रुचत नाही त्यांच्या मुलांना आम्ही या कामात घेत नाही, आणि त्यावरून त्यांच्याशी वादही घालीत नाही.

हे काम सुरू झाले त्याचे कारण ही लग्नगीतेच होत. आपल्या बोलीतील ही गाणी कोणी लिहून ठेवलेली नाहीत. खाडीपलीकडून येणारी वऱ्हाडाची होडी, जहाजावर खलाशी म्हणून गेलेला नवरा, त्याच्या पगाराची वाट पाहणारी सासू, हे सारे त्यांत आहे. आता लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पेट्यांवर सिनेमाची गाणी लागतात, आणि ज्या चार-दोन दाद्या-नान्यांना जुनी गाणी येतात त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून असतात. नववीच्या एका मुलीने निबंधात लिहिले होते की, तिच्या नानीला साठ गाणी येतात आणि तिला स्वतःला एकही येत नाही. त्या निबंधाला मी गुण दिले खरे, पण वही मिटली तरी ते वाक्य मिटेना.

आता साधनांची गोष्ट. आमच्याकडे पैसा नव्हता. संस्थेच्या कार्यालयातून निघालेला एक जुना लॅपटॉप होता, चार जीबी स्मृतीचा आणि दोन गाभ्यांच्या प्रोसेसरचा. त्यावर आम्ही लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली घातली होती. आखातात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने एक ध्वनिपेटी भेट दिली. मायक्रोफोनची तार एका बाजूला, यूएसबीची तार दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आवाजाचे आकडे करणारे यंत्र. पेटी उत्तम, परंतु जुनी. आणि ती ज्या ड्रायव्हरवर चालते तो फक्त विंडोज एक्सपीसाठी लिहिलेला. लिनक्स तिला ओळखेना. पेटी बनविणाऱ्याने नवा ड्रायव्हर काढलेला नव्हता. अशा वेळी आमच्याच एका विद्यार्थ्याने सुचविले, "सर, लिनक्सच्या आत एक्सपी चालवू या."

म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, मराठीत म्हणावयाचे तर आभासी यंत्र. एका खऱ्या संगणकाच्या पोटात, केवळ प्रोग्रॅमच्या बळावर, दुसरा संगणक उभा करावयाचा. त्याला स्वतःची स्मृती असते, स्वतःची डिस्क असते (वास्तविक ती बाहेरच्या संगणकावरील एक मोठी फाईल असते) आणि त्यावर निराळी कार्यप्रणाली चालते. कल्पना नवी नाही. आय.बी.एम. कंपनीने १९६० नंतरच्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर ती अमलात आणली आणि १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. एकच महागडे यंत्र अनेकांना जणू स्वतःचे म्हणून वापरता यावे, हा हेतू. आपल्या टेबलावरील संगणकांवर ही सोय १९९९ साली व्हीएमवेअरने आणली. आम्ही वापरला तो व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम २००७ साली मुक्त स्वरूपात खुला झाला. त्याला आम्ही एक जीबी स्मृती आणि प्रोसेसरचा एक गाभा दिला. एक्सपीची प्रत पेटीसह रीतसर विकत घेतलेली, कार्यालयाच्या कपाटात पडून होती, तीच घातली. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीच बंद झालेली असल्यामुळे आतल्या यंत्राला इंटरनेटची जोडणी मात्र मुळीच दिली नाही. हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

इंग्रजीत बाहेरच्या संगणकाला होस्ट आणि आतल्याला गेस्ट म्हणतात. म्हणजे यजमान आणि पाहुणा. हे शब्द ज्याने योजिले त्याला माझा सलाम, कारण पुढे जे घडले ते या दोन शब्दांतच सामावलेले आहे. पाहुण्याला वाटते, घर आपलेच आहे. पण पाणी हवे, दिवा हवा, दार उघडावयास हवे, तर दर वेळी यजमानालाच हाक मारावी लागते. यजमान रिकामा असेल तर लगेच येतो. हातातले काम टाकता येत नसेल तर पाहुण्याला थांबावे लागते.

पत्र लिहावयाचे, हिशेब करावयाचा, चित्र काढावयाचे, तर या थांबण्याने काही बिघडत नाही. अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटले म्हणून कोणाचे काय जाते? पण आवाजाचे तसे नाही. मायक्रोफोनमधून येणाऱ्या विजेच्या चढउताराचे मोजमाप संगणक सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने हा आकडा रूढ केला. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मोजमापे घेतली तरच तो आवाज पुन्हा उभा करता येतो, म्हणून तो आकडा.

ही मोजमापे एकेक करून उचलणे शक्य नसते. पावसाळ्यात पागोळीखाली आपण हंडा लावतो तसा संगणकही एक हंडा लावतो. त्याला बफर म्हणतात. एक हंडा भरत असताना दुसरा रिकामा करून परत आणून ठेवावयाचा. २५६ मोजमापांचा हंडा असेल तर तो भरावयास सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम सहा भाग लागतात. २,०४८ मोजमापांचा मोठा हंडा घेतला तर सुमारे सेहेचाळीस भाग. तेवढ्यात दुसरा हंडा हजर झाला नाही तर पाणी अंगणात सांडते, आणि पागोळी काही आपल्यासाठी थांबत नाही. गाण्यात त्या जागी 'टिक्' असा आवाज येतो, नाहीतर एखादे अक्षरच गळून पडते.

यात आणखी एक खुबी आहे, ती मला फार उशिरा समजली. यूएसबीच्या तारेतून पेन ड्राइव्हवर फाईल जाते तेव्हा प्रत्येक तुकडा तपासला जातो, आणि चुकला तर पुन्हा पाठविला जातो. आवाजाचे तुकडे मात्र वेळेवर जावेत म्हणून निराळ्या रीतीने जातात. त्या रीतीत हरवलेला तुकडा पुन्हा मागण्याची सोयच नाही. म्हणून आभासी यंत्रातून हजार फाईली बिनचूक उतरविता येतात, आणि तेच यंत्र एक गाणे मोडून ठेवते. आम्ही फाईली उतरवून पाहिल्या होत्या आणि सर्व ठीक आहे असे समजलो होतो.

शाळेत आम्ही चाचणी घेतली. दोन मिनिटांची नात, बफर २५६ चा, लॅपटॉपची तार भिंतीतल्या विजेला लावलेली. मुद्रण स्वच्छ आले. मुले नाचलीच.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही खाडीकाठच्या एका गावी गेलो. ज्या दादींकडे गेलो त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. पुरुषासमोर गाणार नाही, असे त्यांनी आधीच कळविले होते, आणि ते योग्यच होते. म्हणून नववीच्या तीन मुली आत गेल्या आणि मी ओटीवर बसलो. आतून आवाज येत होता. एवढ्या वयात तसा आवाज मी ऐकला नव्हता. मधूनच हसण्याचा आवाज येई, मग पुन्हा गाणे. तासाभरात पाच गाणी झाली.

दुसऱ्या गाण्याच्या वेळी गावातील वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू लागला. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण पडदा तसाच उजळ होता. परंतु बॅटरी वाचविण्यासाठी संगणक आपला वेग आपोआप कमी करतो. यजमान मंदावला, आणि पाहुण्याच्या हाका उशिरा ऐकू जाऊ लागल्या. कानाला हेडफोन लावलेल्या मुलीला 'टिक् टिक्' ऐकू येत होते. तिला वाटले, दादी हातवारे करीत गातात, त्यांच्या बांगड्या वाजत आहेत. मी ओटीवर नसतो, आत असतो, तर मला कळले असते काय? मला तसे वाटत नाही. चाचणी बॅटरीवर घ्यावी, दोन मिनिटांऐवजी तासभर घ्यावी, हे मला सुचावयास हवे होते. ती चूक माझी होती, मुलींची नव्हे. हे मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आज त्यांच्या पालकांसमोर पुन्हा सांगतो.

शाळेत येऊन ऐकले तेव्हा तीन गाणी चांगली निघाली. पहिले, आणि वीज परत आल्यानंतरची शेवटची दोन. मधल्या दोन गाण्यांत जागोजागी खड्डे होते. परीक्षा झाल्यावर पुन्हा जाऊ, असे आम्ही ठरविले. त्याआधीच, २०२३ च्या रमजानपूर्वी, दादींचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

खड्डे बुजविण्याचा प्रयत्न आम्ही केला. ऑडॅसिटी नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचे काम सुरू झाले आणि २००० साली तो लोकांच्या हाती आला. त्यात दुरुस्तीची एक सोय आहे. ती एका वेळी जास्तीत जास्त १२८ मोजमापे, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे तीन भाग, आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढते. 'टिक्' असा बारीक आवाज त्याने जातो. पण जेथे अख्खे अक्षर गेले आहे तेथे ती काय भरणार?

या संदर्भात एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५१ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एका खोलीभर संगणकाने वाजविलेले संगीत बीबीसीच्या लोकांनी तबकडीवर मुद्रित केले. संगणकाच्या संगीताचे आज शिल्लक असलेले ते सर्वांत जुने मुद्रण समजले जाते. पुष्कळ वर्षांनी न्यूझीलंडमधील जॅक कोपलँड आणि जेसन लाँग या दोघांनी ते तपासले, तेव्हा तबकडीची गती चुकल्याने सारे सूर हलल्याचे त्यांना आढळले. त्यांनी गती सुधारून २०१६ साली खरे सूर पुन्हा ऐकविले. पासष्ट वर्षांनंतर ते का शक्य झाले? चूक होती, पण आवाज तबकडीवर होता. आमच्या मुद्रणात आवाजच नव्हता.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. अनेक पालक मला घरच्या संगणकाविषयी विचारतात, त्यांनाही हे उपयोगी पडेल. आभासी यंत्रातून समोरच्या माणसाचे गाणे आम्ही मुद्रित करीत नाही. बफर २,०४८ चा केला, बाकीचे सारे प्रोग्रॅम बंद केले, वेग कमी होऊ न देण्याची सूचना संगणकाला दिली; खड्डे पुष्कळ कमी झाले, पण कधी येतील याची हमी राहिली नाही. शिवाय हंडा मोठा केला की उशीर वाढतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा उशीर हा साडेतीन मीटरांवर उभे राहून ऐकण्यासारखा आहे; तो चालतो. पण यजमान आणि पाहुणा या दोघांचे हंडे पार करून आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने हेडफोनमध्ये परत आला, तर तो मैदानाच्या पलीकडच्या टोकाहून आल्यासारखा वाटतो. डफाच्या ठेक्यावर हम्द म्हणणाऱ्या मुलांची लय त्याने पार मोडते. तेव्हा हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज परत ऐकूच नये, सुरुवातीला एक टाळी वाजवावी आणि मागाहून दोन्ही मुद्रणांतील टाळ्या जुळवून घ्याव्यात, हा उपाय आम्ही शोधला. मुलांनी तो लवकर आत्मसात केला. मला तीन शनिवार लागले.

गाण्यासाठी आता एक साधा यूएसबी मायक्रोफोन आहे. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लिनक्स त्याला थेट ओळखते, आणि मुद्रण यजमानाकडेच होते. जोडीला मोबाईल फोन विमान स्थितीत ठेवून दुसरे मुद्रण चालू ठेवतो. जागेची चिंता करू नका. एका मायक्रोफोनचे एक मिनिटाचे मुद्रण सुमारे ५३ लाख बाईट होते. सोळा जीबीच्या पेन ड्राइव्हवर पन्नास तास मावतात. मात्र मूळ मुद्रण वेव्ह फाईलमध्येच ठेवावे, एमपीथ्री करून मूळ पुसू नये.

मग आभासी यंत्र आम्ही टाकून दिले काय? नाही. ती जुनी पेटी आणि तिचा एक्सपी यांना आता कॅसेटींचे काम दिले आहे. आपल्यापैकी ज्यांचे वडील वा चुलते १९७० नंतर आखातात गेले, त्यांच्या घरी कॅसेटवर बोलून पाठविलेली पत्रे असतील. कोणी तिकडून खुशाली बोलून पाठवी, इकडून बायको-मुले त्याच कॅसेटवर उत्तर भरीत, आणि कधी घरातील लग्नाची गाणीही त्यात असत. ती पेटीला जोडून उतरवून घेता येतात. मध्ये 'टिक्' झाले तर फीत मागे फिरवून पुन्हा घ्यावयाचे; कॅसेट थकत नाही. शिवाय आतले यंत्र बिघडले तर आदल्या दिवशी जतन केलेल्या स्थितीवर एका क्लिकने परत नेता येते, ही त्याची मोठी सोय. नवे सॉफ्टवेअर शिकताना बिघडविण्याची मोकळीक मुलांना तेथे मिळते, आणि ती ते मनसोक्त वापरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चीही नियमित दुरुस्ती बंद झाली. कित्येक घरांतील चांगले संगणक त्यामुळे अडगळीत जातील. ते भंगारात देण्यापूर्वी एकदा आम्हाला विचारावे, अशी विनंती आहे.

परवानगीविषयीही सांगतो, कारण ती शंका पायरीवर भेटलेल्या त्या गृहस्थांनीही काढली होती. स्त्रियांची गाणी मुलीच मुद्रित करतात आणि मुलीच ऐकून लिहून काढतात. ती इंटरनेटवर टाकली जात नाहीत. त्या घराने संमती दिली तरच दुसऱ्या घरातील स्त्रियांना ऐकविली जातात. मी स्वतः जे ऐकले ते दादींच्या सुनेची परवानगी घेऊन, बिघाड शोधण्यापुरते. गाण्याच्या शेवटी गाणारीने आपले नाव व गाव सांगावे, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या भरल्या गेल्या, त्या वेळी गाणे संपताच त्या आपले नाव उच्चारीत, म्हणजे परदेशात तबकडी तयार करणाऱ्यांना ती कोणाची ते कळे. आमच्या फाईलींची नावे पुढे कोणी बदलली तरी आवाज आपली ओळख स्वतःच सांगेल.

आजवर एकतीस गाणी झाली आहेत. त्यांत ती दोन मोडकी गाणीही आहेत. त्यांना आम्ही हात लावलेला नाही. त्यांपैकी एक वऱ्हाडाच्या होडीचे आहे. होडी धक्क्यावरून निघते, नवऱ्याची बहीण काठावरून काही विचारते, होडी खाडीच्या मध्यावर येते, आणि तेथे तिसऱ्या कडव्यात जवळजवळ दोन ओळी गेल्या आहेत. बहिणीला उत्तर काय मिळाले ते कळत नाही. दादींच्या सुनेला आणि पुतणीला विचारले. त्यांना पहिलीच दोन कडवी येतात. मुलींनी ते गाणे जेथवर ऐकू येते तेथवर लिहून काढले असून बाहेर पुस्तकांच्या टेबलावर त्याच्या प्रती ठेवल्या आहेत. आपण घरी जाताना एक प्रत न्यावी आणि आपल्या आई, खाला, फुफी यांना वाचून दाखवावी. कोणाला पुढच्या ओळी आठवल्या तर शनिवारी जोहरच्या नमाजनंतर शाळेत निरोप द्यावा. येणे जमत नसेल तर मुली घरी येतील. दोन मुद्रणे करतील, आणि बॅटरी भरलेली असेल.